बगलेचे खिसे

कापड कुठलंही हाती आलं की ती आधी ते उलटं करायची. दुकानातला टॉवेल असो नाहीतर शेजारणीच्या नातीचा नवा फ्रॉक. सुलट बाजू लोकांना दाखवण्यासाठी असते, खरं काय ते उलट्या बाजूला लिहिलेलं असतं, असं तिचं म्हणणं. कारखान्यात तिला उसवणीबाई म्हणत ते उगीच नाही. टीप वाकडी दिसली की समोर कोण बसलंय हे न बघता ती सरळ उसवून हातात द्यायची. "घ्या, पुन्हा शिवा. रडायचं असेल तर घरी जाऊन रडा, कापडावर डाग पडतो."

त्या लांबलचक हॉलमध्ये बत्तीस मशिनी होत्या आणि बत्तीस मशिनींवर एकच वस्तू शिवली जायची: सैन्याची बुलेटप्रूफ जाकिटं. पुढे-मागे एकेक मोठा खिसा, त्यात मोठी प्लेट. दोन्ही बगलांखाली एकेक छोटा खिसा, त्यात छोटी प्लेट. प्लेटा दुसरीकडून यायच्या. ह्या बायकांचं काम कापडाचं. हॉलच्या टोकाला काचेच्या कपाटात एक जाकीट टांगलेलं असायचं, त्याला लाखेची मोहोर. तो मंजूर नमुना. काही अडलं की उठायचं, काचेला नाक लावून बघायचं आणि परत येऊन तसंच्या तसं शिवायचं.

आणि बायकांची आपली एक रीत होती, कुठल्या नियमाच्या पुस्तकात नसलेली. जे काम नमुन्यात नाही, नुसतं कुणाच्या तोंडून आलंय, ते पांढऱ्या दोऱ्याने करायचं. जाकीट शेवाळी रंगाचं, दोराही शेवाळी. त्यात आतल्या बाजूला पांढरी टीप लगेच डोळ्यांत भरते. मागाहून कागद आला, नवा नमुना टांगला गेला, की पांढरं काढून शेवाळी घालायचं. कागद आलाच नाही तर नुसतं उसवून टाकायचं. उसवणीबाईला हे तिच्या आधीच्या बाईने शिकवलं होतं, तिला तिच्या आधीच्या बाईने. साहेब लोकांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेब लोक जाकीट उलटं करत नाहीत.

एके दिवशी सुपरवायझर आला. कान फोनला चिकटूनच जन्माला आला असावा असा माणूस. बायका त्याला फोनवाला म्हणायच्या. फोनवर तळवा ठेवून तो म्हणाला, "मावशी, आजपासून बगलेचे खिसे बंद. तोंडावर एक टीप मारून टाका."

"का म्हणून?"

"छोट्या प्लेटा आल्या नाहीत. रिकामा खिसा लोंबतो, कुठेतरी अडकतो. प्लेटा आल्या की उघडू."

"कागद?"

"मागून येतोय."

मागून येणारा कागद म्हणजे रुसलेला पाहुणा. वाट बघावी, ताट वाढून ठेवू नये. पण माल अडवून चालणार नव्हतं. नव्या कामाचा पहिला नग नेहमी तिचाच असायचा. तिने पांढरं रीळ चढवलं, खिशाचं तोंड दाबून धरलं आणि टीप मारली. इतरांना दाखवली. बत्तीस मशिनींवर पांढरी रिळं चढली.

अकरा महिने झाले. प्लेटा आल्या नाहीत, कागद आला नाही. पांढरी रिळं मात्र पेट्यांनी येत राहिली.

अकराव्या महिन्यात दोन अधिकारी टोप्या काखेत धरून तिच्या दारात उभे राहिले. तिचा थोरला मुलगा सैन्यात होता. ते काय बोलले ते तिला नंतर आठवलं नाही. एकाच्या बाहीचं बटण सैल झालं होतं, ते आठवत राहिलं. मागाहून डॉक्टरांचा कागद आला. तो तिने उभ्याउभ्याच वाचला. गोळी डाव्या बगलेतून आत. पुढची आणि मागची प्लेट शाबूत.

आठवड्याने ती कामावर गेली. टेबलावर तयार जाकिटांची चळत होती. तिने वरचं घेतलं, उलटं केलं आणि बगलेच्या खिशात बोटं घालायला गेली. बोटं दोऱ्याला अडली. मग उसवायची सुरी घेतली आणि चळत संपेपर्यंत एकेक खिसा उघडत गेली. बावीस जाकिटं, चव्वेचाळीस खिसे.

फोनवाला धावत आला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या कानाला फोन नव्हता. "मावशी, हे काय चाललंय?"

"कागद दाखव."

"मावशी, तुमचं दुःख मी समजू शकतो…"

"दुःख नको समजूस. कागद दाखव."

दुसऱ्या दिवशीपासून येऊ नका, असं तिला सांगण्यात आलं. मान खाली घालून सांगितलं त्याने. ती उसवायची सुरी तेवढी घेऊन घरी आली. सुरी तिची स्वतःची होती.

*

वकीलबाई तिच्या मुलीच्या वयाची होती, बोलताना पेन्सिल चावायची. कुणी म्हणालं, एवढीशी पोर सरकारशी काय भांडणार. पण तिने दोन तास एक शब्दही मध्ये न घालता सगळं ऐकून घेतलं, आणि उसवणीबाईला तेवढं पुरे होतं.

"मावशी, भरपाई मागायची?"

"नको. गेलेल्याचं काय मागू? ही जाकिटं घालून जे अजून चालतायत-फिरतायत त्यांचे खिसे उघडा म्हणावं, आणि आत जे असायला पाहिजे ते घाला. जगायचा हक्क का काय म्हणतात ना, तो जाकीट घातल्यावर संपतो का, एवढंच विचारा."

वकीलबाईने पेन्सिल तोंडातून काढली. "हेच लिहिते," ती म्हणाली.

जे चालतायत-फिरतायत त्यांच्यात तिची धाकटीही होती, हे तिने मुद्दाम सांगितलं नाही. पण ते अर्जात आलंच. धाकटी सैन्यात ट्रक चालवायची. तिची तुकडी महिन्याभरात सरहद्दीवर जायची होती, थोरला जिथे गेला त्याच बाजूला.

चार दिवसांच्या रजेवर धाकटी घरी आली ती धुमसतच. पिशवी दारात टाकली, बूट काढले, आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "आई, तुकडीत मला काय नाव पडलंय माहीत आहे? याचिका. 'ए याचिका, गाडी काढ.' 'ए याचिका, तुझी तारीख कधी?'"

"उसवणीपेक्षा बरं आहे," आई म्हणाली. "हात धू."

"हसण्यावारी नेऊ नकोस. मी सैनिक आहे. मरायची तयारी ठेवूनच सही केलीय मी. दादानेही केली होती. तू कोर्टात जाऊन आम्हाला बिचारं करून ठेवलंस."

"बिचारं मी नाही केलं. मी फक्त खिसा बंद केला."

बाप कोपऱ्यात बसून बुटांना पॉलिश करत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर खाली-वर करून त्याला बोलायला वेळ कमी मिळाला होता. पॉलिश न थांबवता तो म्हणाला, "पोरी, लिफ्टच्या मशीनखोलीत एक पुठ्ठा टांगलेला असतो. कोणी तपासलं, कधी तपासलं, सही. तो पुठ्ठा नसला तर मी त्या लिफ्टने एक मजलाही चढत नाही. माणसं मला भित्रा म्हणतात. म्हणू देत. चाळीस वर्षं जिने चढून गुडघे गेले, बाकी सगळा आहे."

त्याच दिवशी सरकारचं प्रतिज्ञापत्र आलं. वकीलबाई ते घेऊन घरीच आली. जेवणाच्या टेबलाशी चौघं बसली आणि तिने वाचून दाखवलं. वजन कमी करण्याच्या दृष्टीने तज्ज्ञ समितीने सर्व बाबींचा साकल्याने विचार करून बगलेच्या प्लेटा वगळण्याचा निर्णय घेतला आहे. हा संरक्षणविषयक निर्णय आहे. त्याचा तपशील उघड करणं देशहिताचं नाही. अशा निर्णयांची चिकित्सा करणं हे न्यायालयाचं काम नव्हे.

"पुन्हा वाच," उसवणीबाई म्हणाली. वकीलबाईने पुन्हा वाचलं.

"खोटं आहे."

"कशावरून, मावशी?"

"निर्णय झाला असता तर नवा नमुना टांगला असता. नवा नमुना टांगला असता तर आम्ही शेवाळी दोरा घातला असता. मी हाकलली जाईपर्यंत पांढराच चालू होता. ह्यांची समिती बसली असेल तर माझा पोरगा गेल्यावर बसली असेल. उंटावरून शेळ्या हाकणं मी समजू शकते; हे तर उंटही नाही, शेळ्याही नाहीत, नुसती काठी हलवतायत." ती धाकटीकडे वळली. "तुझं जाकीट उलटं करून बघ. दोरा कुठला आहे सांग."

"नाही," धाकटी म्हणाली. "ती सैन्याची वस्तू आहे. त्याबद्दल बाहेर बोलले तर माझी नोकरी जाईल, वर शिक्षा होईल ती वेगळी."

"मी कुठे कोर्टात सांग म्हणतेय? मला सांग. मी आई आहे, बाहेर थोडीच आहे."

धाकटी उठून आत गेली. उरलेले दिवस मायलेकी मीठ-साखर आणि अंघोळीचं पाणी ह्यांपलीकडे काही बोलल्या नाहीत. निघताना धाकटीने वाकून बूट बांधले आणि मान वर न करता म्हणाली, "येते."

"ये," आई म्हणाली.

*

न्यायालयाची इमारत दगडी होती आणि बाकं इतकी कडक की तिथे माणसाने लवकर खरं बोलून टाकावं अशीच योजना असावी. दालनाच्या दाराशी सैन्याचे दोन पहारेकरी उभे होते. उसवणीबाईचं पहिलं लक्ष त्यांच्या अंगाकडे गेलं. तिच्याच कारखान्यातली जाकिटं. खांद्याची दुहेरी टीप तिने लांबूनच ओळखली. डावीकडचा पहारेकरी कोवळा होता, उकाड्याने मानेला घामोळं आलेलं. त्याचं जाकीट उलटं करून बघायला तिचे हात शिवशिवत होते. तिने ते मांडीखाली घेतले.

तीन न्यायाधीश. मधले म्हातारे, हळू बोलणारे, कान जरा पुढे करून ऐकणारे. सरकारी वकील मऊ आवाजाचे. प्रत्येक मुद्द्याआधी चष्मा पुसायचे, जणू मुद्दा काचेवर लिहिला होता.

"महोदय," ते म्हणाले, "सैनिकाने काय घालावं, किती वजन वाहावं, कुठली प्लेट कुठे हवी, हे ठरवायला सेनापती आहेत, शास्त्रज्ञ आहेत. उद्या न्यायालय बंदुकीची नळी मोजायला लागलं तर लढाया तारखांवर चालतील. मातेच्या दुःखाबद्दल आम्हाला आदर आहे. पण सैनिक भरती होतो तेव्हा तो आपल्या प्राणांची जोखीम स्वतःहून स्वीकारतो."

मधल्या न्यायाधीशांनी मान हलवली. होकाराची हलवली की ऐकू आलं म्हणून हलवली, ते कळलं नाही. वकीलबाईने चांगलं मांडलं. पण डाव्या बाजूचे न्यायाधीश घड्याळ बघत होते, आणि पुढची तारीख दहा दिवसांनी पडली. धाकटीची तुकडी निघायला तेव्हा चार दिवस उरणार होते.

व्हरांड्यात सरकारी वकिलांनी त्यांना गाठलं. इथे त्यांनी चष्मा पुसला नाही.

"बाई, दोन मिनिटं. हे मी बोललो असं कुठे येऊ देऊ नका. तुमच्या मुलीच्या तुकडीची व्यवस्था होऊ शकते. सव्वाशे जाकिटं, खिसे उघडून, प्लेटा घालून. निघायच्या आधी. थोड्या प्लेटा भांडारात आल्यायत. तुम्ही अर्ज मागे घ्या."

वकीलबाई काही बोलणार होती. उसवणीबाईने तिच्या दंडावर हात ठेवला. "विचार करून सांगते," ती म्हणाली.

आणि तिने विचार केला. खोटं कशाला सांगा, बराच केला, आणि होकाराचाच केला. एक लेकरू गेलं होतं. दुसऱ्याच्या दोन्ही बगलांखाली दोन प्लेटा येणार होत्या, तळहाताएवढ्या. जगातल्या सगळ्या पोरांची आई होण्याचा मक्ता तिने घेतला नव्हता. बसमध्ये बसल्या बसल्या तिने त्या प्लेटा मनातल्या मनात खिशात घालून बघितल्या. बरोबर बसत होत्या. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू घेशील त्या निर्णयाच्या पाठीशी मी उभा राहीन. दोन्हीपैकी कुठलाही." हे वाक्य तिला अजिबात उपयोगी पडलं नाही.

मग तिने धाकटीला फोन लावला.

"तुमच्या तुकडीला प्लेटा मिळणार आहेत," ती म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कोणी सांगितलं?"

"मिळणार आहेत म्हणजे झालं."

"आई."

"काय?"

"बदल्यात काय?"

पोटची पोर. उलट्या बाजूने बघायची खोड तिच्यातही उतरली होती. आईने सांगून टाकलं. पलीकडे गाडीचं इंजिन चालू होतं. ते बंद झाल्याचं ऐकू आलं.

"आमच्या तुकडीला तेवढ्या?" धाकटी म्हणाली.

"हो."

"आई, माझ्या ट्रकमध्ये मागे सोळा जण बसतात. माझ्याच तुकडीतले नसतात सगळे. ज्याला जायचं असेल तो चढतो. तोफखान्यातले असतात, वायरलेसवाले असतात, एक स्वयंपाकी आहे, तो तर गाणी म्हणून डोकं उठवतो. मी प्लेटा घालून पुढे बसायचं आणि ते तसेच मागे?"

"तू पुढे बघून गाडी चालव."

"गाडीला आरसा असतो," धाकटी म्हणाली.

आई खुर्ची ओढून बसली.

"आणि दोरा पांढरा आहे," धाकटी म्हणाली. "घरून परत आले त्याच दिवशी बघितला. आमच्या खोलीतल्या आठही जणींचा. तू कुणाला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. पण अर्ज मागे घेऊ नकोस."

"तू तर म्हणालीस, मी तुम्हाला बिचारं केलं."

"म्हणाले. अजूनही राग आहे. रागाचं रागाच्या जागी." इंजिन पुन्हा सुरू झालं. "कोर्टात नीट उभी राहा. कंबरेवर हात ठेवून भांडल्यासारखी उभी राहतेस तू."

*

दहा दिवसांनी सरकारी वकिलांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. निर्णय तज्ज्ञांचा, निर्णय साकल्याने, निर्णय गोपनीय. मग त्यांनी एक नवी गोष्ट काढली, आवाज आणखी मऊ करून. "महोदय, अर्जदार बाईंनी स्वतःच हे खिसे शिवलेले आहेत. पहिला नग ह्यांच्याच हातचा. कारखान्याची नोंद आहे. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाविरुद्ध त्या कुठल्या तोंडाने दाद मागतात?"

वकीलबाई उठली, पण मधल्या न्यायाधीशांनी हात वर केला. "बाईंना काही सांगायचं आहे का?"

उसवणीबाई उभी राहिली. हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी समोरच्या लाकडी कठड्यावर ठेवले.

"खरं आहे, साहेब. मीच शिवले. पहिला मी शिवला आणि बाकीच्यांना शिकवला. माझ्या मुलाच्या अंगावर होतं ते माझ्या हातचं होतं की शेजारच्या मशीनचं, ते मला कधी कळणार नाही. शेजारचं असलं तरी शिकवलेलं माझंच. माझा हात मी कबूल करते, लपवत नाही. आता दुसरा हात दाखवा. ज्याने सही केली तो. मी अकरा महिने तोच कागद मागत होते, आता तुमच्यासमोर मागतेय."

"कागद गोपनीय आहे, महोदय," सरकारी वकील म्हणाले.

"कागद नाहीच," ती म्हणाली. "आणि हे म्हणाले ना, सैनिक जोखीम पत्करतो म्हणून. पत्करतो. माझ्या मुलाने शत्रूची जोखीम पत्करली होती. माझ्या टिपेची नव्हती पत्करली."

मागच्या बाकांवर कुणीतरी हलकेच खाकरलं. मधल्या न्यायाधीशांनी कान पुढे केला. "कागद नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

तिने पांढऱ्या दोऱ्याची रीत सांगितली. सावकाश, नव्या मुलीला मशीनवर बसवताना सांगतात तशी. उजवीकडच्या न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला.

"ही बायकांची दंतकथा आहे, महोदय," सरकारी वकील म्हणाले. "आणि ती तपासायची तर गोपनीय साहित्य…"

"गोपनीय कसलं," ती म्हणाली. "दाराशी दोन उभी आहेत."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. घामोळं आलेल्या पोराचे कान लाल झाले.

न्यायाधीशांचं आपसांत काही कुजबुजणं झालं. मग मधले म्हणाले, "तरुणा, जरा जाकीट काढून इकडे आण. घाबरू नकोस. इथे तुझ्यावर कुणी गोळी झाडणार नाही."

त्याने पट्टे सोडले. जाकीट वर टेबलावर गेलं. न्यायाधीश बाईंनी ते हातात घेतलं, वजनाने हात खाली गेला, आणि घरी कुठलंही कापड घेतील तसं त्यांनी ते सहज उलटं केलं. बगलेशी अंगठा फिरवला. मग जाकीट मधल्या न्यायाधीशांपुढे सरकवून फक्त बोट ठेवलं. शेवाळी कापडावर पांढरी टीप, जो जिथे बसला होता तिथूनही दिसावी अशी.

"दोऱ्याचा रंग म्हणजे पुरावा नव्हे," सरकारी वकील म्हणाले. चष्मा पुसायला विसरले.

"नाही," मधले न्यायाधीश म्हणाले. "पण प्रश्न नक्कीच आहे."

"आणखी एक सांगायचं आहे," उसवणीबाई म्हणाली. वकीलबाईने तिचा पदर नव्हे, तर सरळ मनगटच धरलं, कारण हे त्यांच्यात ठरलं नव्हतं. तिने मनगट सोडवून घेतलं. "हा निर्णय देशाच्या सुरक्षेचा आहे, त्याला कोर्टाने हात लावू नये म्हणतात. गेल्या तारखेला ह्याच व्हरांड्यात मला सांगितलं, अर्ज मागे घ्या, तुमच्या मुलीच्या तुकडीपुरता हात लावू. सव्वाशे जाकिटं. साहेब, वजनामुळे काढलेल्या प्लेटा सव्वाशे जणांना जड होत नाहीत आणि बाकीच्यांना होतात, असं कसं? आणि जे तुम्हाला दालनात करता येत नाही ते ह्यांना व्हरांड्यात कसं करता येतं?"

"ते तडजोडीचं खाजगी बोलणं होतं…"

"म्हणजे झालं होतं," मधले न्यायाधीश म्हणाले.

त्यानंतर सरकारी वकील बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

निकाल लांबलचक नव्हता. कुठली प्लेट चांगली, कुठली लढाई कशी लढायची, हे आम्ही ठरवणार नाही, आम्हाला ते येतही नाही, असं मधल्या न्यायाधीशांनी सांगितलं. पण माणसाच्या जिवाशी संबंध असलेला निर्णय झाला होता की नव्हता, तो कुणी घेतला, घेताना त्या जिवाचा विचार मनात आणला की नाही, हे विचारायला सेनापती व्हावं लागत नाही. निर्णयाला आम्ही हात लावणार नाही. पण तो निर्णय आहे, हे आधी दाखवावं लागेल. मूळ फाईल सहा दिवसांत बंद लिफाफ्यात आणा, आम्ही तिघंच बघू. तोवर मोहोर लावलेला नमुना तोच हुकूम, आणि त्या नमुन्याप्रमाणे नसलेलं जाकीट घालून कुणालाही सरहद्दीवर पाठवता येणार नाही.

"महोदय, ह्याने तुकड्यांच्या हालचाली थांबतील," सरकारी वकील उठून म्हणाले.

"सहा दिवस," न्यायाधीश बाई पहिल्यांदाच बोलल्या. "फाईल तयार असेल तर सहा तासही पुरतील."

*

संध्याकाळपर्यंत सरकारने वरच्या खंडपीठाकडे धाव घेतली होती. वकीलबाईने फोन करून सांगितलं: सात न्यायाधीश, सोमवार, सकाळी साडेदहा. तिकडे काहीही होऊ शकतं, मावशी, आज जिंकलो ते उद्या जाऊ शकतं. पण फाईलबद्दल ते अजून एक अक्षर बोललेले नाहीत, आणि स्थगितीही मिळालेली नाही.

टीव्हीवर एक निवृत्त अधिकारी सांगत होता की शिवणयंत्र चालवणाऱ्या बायका आता सैन्य चालवणार. नवऱ्याने आवाज कमी केला. "चालवा की," तो म्हणाला. "निदान टीप तरी सरळ येईल."

मग धाकटीचा फोन आला.

"आमचं जाणं थांबलं," ती म्हणाली. "सामान भरलेलं सगळं परत उतरवलं. निम्मे लोक माझ्यावर चिडलेत. साहेबाने मला बोलावून अर्धा तास झापलं."

"आणि उरलेले निम्मे?"

"ते आपापली जाकिटं उलटी करून बघतायत. स्वयंपाकी विचारत होता, तुझी आई शर्टाची बटणं लावून देते का म्हणून."

"चिडलेत ते फार चिडलेत?"

"फार."

"चिडू देत," आई म्हणाली. "येतील सगळे, माझ्या तोंडावर चिडतील, मी ऐकून घेईन. सगळे यायला हवेत मात्र." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारभोवती पेन्सिलीने गोल केला. "सात जण आहेत म्हणे ह्या वेळी. बाकं तरी बरी असतात का गं तिथे?"